डॉसवरच्या जुन्या प्रोग्रामची छपाई दुसरीकडे वळवायची आहे. प्रिंटर ड्रायव्हर बदलावा लागेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: डॉसवर चालणारा हिशेबाचा जुना प्रोग्राम आहे, त्यात वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत आणि त्या बाहेर काढायची सोय प्रोग्रामात नाही. एकच वाट आहे, एलपीटी१ला, म्हणजे प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला, लावलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि त्याचा हेड आता जवाब देतोय. म्हणून प्रोग्रामसोबत आलेली ड्रायव्हर फाइल बदलून हीच छपाई नव्या संगणकावर नेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी सीपी/एम या डॉसच्याही आधीच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या एका मशीनबद्दलही विचारलंय, त्याकडे नंतर येतो.

छपाई नेता येईल, पण ड्रायव्हर फाइलला हात लावू नका. डॉसच्या काळात ड्रायव्हर म्हणजे बहुतेक वेळा त्या प्रोग्रामचा स्वतःचा कोडचा तक्ता असायचा: ठळक अक्षर सुरू करायला एस्केप आणि ई, प्रिंटर मूळ स्थितीत आणायला एस्केप आणि ॲट (@), असा. प्रिंटरशी काय बोलायचं हे त्याला माहीत असतं. ते बोलणं कुठे पोचवायचं हे दुसरीकडे ठरतं, आणि आपल्याला बदलायचं आहे ते तेवढंच.

प्रोग्राममधून निघालेला बाइट प्रिंटरपर्यंत तीन वाटांनी जाऊ शकतो. पहिली वाट डॉसची: प्रोग्राम पीआरएन किंवा एलपीटी१ नावाची 'फाइल' उघडतो आणि तिच्यात लिहितो. दुसरी बायोसची, म्हणजे मशीनच्या चिपमध्येच असलेल्या मूळ प्रोग्रामची: त्याला हाक मारायचा ठरलेला क्रमांक, इंटरप्ट १७ (हेक्स, म्हणजे १६च्या पायातला आकडा), जो १९८१च्या आयबीएम पीसीपासून चालत आलाय. तिसरी म्हणजे कुणालाही न विचारता थेट पोर्टवर, म्हणजे ३७८ (हेक्स) या पत्त्यावर लिहिणं. डॉसची वाट आतून बायोसमधूनच जाते, त्यामुळे इंटरप्ट १७ पकडला की पहिल्या दोन वाटा एकदमच हाती येतात.

तुमच्या मशीनला सिरियल पोर्ट असेल तर हे काम डॉसमधली मोड कमांडच करते. आधी 'मोड कॉम१:९६००,एन,८,१,पी' आणि मग 'मोड एलपीटी१:=कॉम१:' द्या. यानंतर एलपीटी१कडे निघालेला प्रत्येक बाइट सिरियल पोर्टमधून बाहेर पडतो. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट जातात. ८० रकाने आणि ६६ ओळींचं अगदी गच्च भरलेलं पान ५,२८० बाइटचं, म्हणजे साडेपाच सेकंदांत पान पलीकडे. एप्सन एमएक्स-८० सेकंदाला ८० अक्षरं छापायचा, त्या मानाने हे कितीतरी वेगात होतं.

इथे बहुतेक लोक केबलवर अडकतात, मीही अडकलो होतो. पाठवणं, घेणं आणि ग्राउंड अशा तीन तारांची केबल केली, नव्या संगणकावर टर्मिनल प्रोग्राम लावला आणि एक अक्षर येईना. कारण असं की बायोस अक्षर पाठवण्याआधी डीएसआर आणि सीटीएस या दोन तारांवर होकाराची वाट बघतो, आणि तीन तारांच्या केबलमध्ये तो होकार कधीच येत नाही. जुन्या मशीनच्या बाजूच्या ९ पिनी कनेक्टरमध्ये ७ आणि ८ एकमेकांना जोडा, ४ आणि ६ एकमेकांना जोडा, की मशीन स्वतःच स्वतःला होकार देतं. २५ पिनी कनेक्टर असेल तर ४ आणि ५, तसंच २० आणि ६. दुसऱ्या टोकाला ऑटोमॅटिक ओळ जोडणं, अक्षरांचं रूपांतर आणि एक्सऑन-एक्सऑफ ('चालू दे', 'थांब' असं बाइटनेच सांगायची पद्धत) हे सगळं बंद ठेवा. चित्राच्या डेटात ११ आणि १३ (हेक्स) हे बाइट सहज येतात, आणि एक्सऑन-एक्सऑफ चालू असेल तर ते गिळले जातात.

मोड दिल्यावरही छपाई प्रिंटरवरच आली, तर तुमचा प्रोग्राम थेट पोर्टवर लिहितोय असं धरा. हीच त्याची परीक्षा.

सिरियल पोर्टच नसेल आणि प्रोग्राम पहिल्या वाटेने जात असेल, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये एलपीटी१च्या जागी फाइलचं नाव घेतो का ते आधी बघा. घेत नसेल तर प्रोग्राम फाइलची एक प्रत काढा, हेक्स एडिटरमध्ये उघडा आणि पीआरएन किंवा एलपीटी१ हे शब्द शोधा. सापडले तर तितक्याच अक्षरांचं दुसरं नाव तिथे लिहा. एकही अक्षर कमी-जास्त चालणार नाही. त्या नावाची रिकामी फाइल आधी करून ठेवा, कारण काही प्रोग्राम उपकरण 'उघडतात', नवीन 'तयार' करत नाहीत, आणि फाइल सापडली नाही की प्रिंटर नाही म्हणून थांबतात. प्रत्येक छपाईनंतर ती फाइल बाजूला काढायला मात्र विसरू नका. नुसतं उघडून लिहिणारा प्रोग्राम दर वेळी फाइलच्या सुरुवातीपासून लिहितो. आधीचा अहवाल मोठा आणि नंतरचा लहान असेल, तर लहान अहवालाच्या मागे मोठ्याची शेपूट तशीच राहते. हिशेबात हे महागात पडतं.

तिसरा उपाय म्हणजे इंटरप्ट १७ स्वतः पकडणारा छोटा प्रोग्राम लिहून मेमरीत बसवणं. मला यातच सगळ्यात जास्त रस आहे, पण तुम्ही असेंब्ली लिहीत असाल तरच याच्या वाटेला जा. मेमरीत सेगमेंट ००००, ऑफसेट ००५सी (हेक्स) या जागी या इंटरप्टचा पत्ता असतो. तो आपल्याकडे वळवायचा. प्रोसेसरच्या एएच रजिस्टरमध्ये शून्य आलं की एएल रजिस्टरमधलं अक्षर घ्यायचं आणि उत्तरात ९० (हेक्स) द्यायचं, म्हणजे 'मोकळा आहे आणि निवडलेला आहे'. मी आधी शून्य देत होतो आणि प्रोग्राम प्रिंटर तयार नाही म्हणून अडून बसायचा. सातव्या बिटमध्ये १ असणं म्हणजे प्रिंटर मोकळा असणं, हे मी उलटं धरलं होतं.

खरी मेख फाइलमध्ये लिहिण्यात आहे. मी हँडलरमधूनच, म्हणजे इंटरप्ट पकडणाऱ्या माझ्या कोडमधूनच, डॉसला हाक मारून फाइलमध्ये लिहायला गेलो. थेट बायोसला बोलावणारा प्रोग्राम नीट चालला. मग सहज कॉपी कमांडने एक फाइल पीआरएनकडे पाठवली आणि पहिल्याच अक्षराला मशीन गोठलं. डॉस स्वतः एका कामाच्या मधोमध होता, त्याच कामातून त्याने बायोसला बोलावलं आणि मी बायोसच्या जागी बसून पुन्हा डॉसलाच हाक मारली. डॉसला असं दुहेरी बोलावणं सोसत नाही. म्हणून हँडलरने अक्षर फक्त बफरमध्ये ठेवायचं. घड्याळाचा इंटरप्ट सेकंदाला सुमारे १८.२ वेळा येतो, त्यात डॉस रिकामा आहे का हे इनडॉस फ्लॅगवरून बघायचं (इंटरप्ट २१, फंक्शन ३४, दोन्ही हेक्स, त्याचा पत्ता देतं), डिस्कचं काम चालू नाही ना तेही बघायचं, आणि मगच बफर फाइलमध्ये ओतायचा. प्रॉम्प्टवर वाट बघत असताना हा फ्लॅग चढलेलाच असतो, म्हणून डॉस अशी वाट बघताना देतो तो इंटरप्ट २८ (हेक्स) सुद्धा पकडावा लागतो. १६ केबीचा बफर घेतला तर गच्च भरलेली तीन पानं त्यात मावतात.

थेट पोर्टवर लिहिणाऱ्या प्रोग्रामपुढे यातलं काहीच चालत नाही. तिथे केबलच्या टोकाला प्रिंटरचं सोंग घेणारा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावा. स्ट्रोबची, म्हणजे 'अक्षर तयार आहे' असं सांगणारी, खूण अर्धा मायक्रोसेकंद इतकी लहान असू शकते, तेव्हा आठ डेटा तारा ७४एचसीटी५७४सारख्या लॅचने पकडणं आणि बिझीची ('थांब' सांगणारी) तार फ्लिप-फ्लॉपने लगेच चढवणं बरं. पेपर एंड ग्राउंडला हवी, सिलेक्ट आणि एरर पाच व्होल्टला. बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर मध्ये लेव्हल शिफ्टर घातल्याशिवाय जोडू नका.

सीपी/एमवर हे खूप सोपं आहे. पत्ता ०००३वर आयओबाइट असतो आणि त्याचे वरचे दोन बिट छपाई कुठे जाईल ते ठरवतात. 'स्टॅट एलएसटी:=टीटीवाय:' असं दिलं की झालं, फक्त तुमच्या मशीनच्या बायोसमध्ये आयओबाइटची सोय केलेली हवी. नसेल तर बायोसच्या जंप टेबलमधली सहावी नोंद, लिस्ट, तुमच्या रूटीनकडे वळवा. अक्षर सी रजिस्टरमध्ये मिळतं.

आता पकडलेल्या फाइलबद्दल. ती नुसता मजकूर नसते, तिच्यात प्रिंटरचे कोडही असतात. चौकटीच्या रेघा कोड पेज ४३७मधल्या, म्हणजे आयबीएम पीसीच्या मूळ अक्षरसंचातल्या, असतात, त्या नव्या संगणकावर भलतीच अक्षरं होऊन दिसतात. डॉसमध्ये अशी फाइल कॉपी करताना /बी लावाच, नाहीतर १ए (हेक्स) हा बाइट चित्रात आला तर तिथेच फाइल संपली असं काही वेळा धरलं जातं. माझा एक अहवाल असाच अर्ध्यावर तुटला होता. आणि अक्षर ठळक दिसावं म्हणून काही प्रोग्राम ओळ छापून, कागद न सरकवता डोकं मागे नेऊन तीच ओळ पुन्हा छापतात. कागदावर ती एकच ओळ असते, फाइलमध्ये मात्र दोनदा येते. माझ्याकडे नेमक्या एकूण बेरजेच्या ओळी अशा दुप्पट झाल्या होत्या. नुसता कॅरेज रिटर्न (डोकं मागे नेणारा कोड) आहे आणि लाइन फीड (कागद सरकवणारा कोड) नाही अशा जागा आधी शोधा, ओळी एकावर एक ठेवून बघा आणि मगच आकडे स्प्रेडशीटमध्ये घ्या. हे सगळं प्रतीवर करा, केबलमधून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा.