पाच इंची की तीन इंची? १९११ निवडण्याविषयी

आपण टेक्सासमध्ये राहता, नुकतेच ग्रीनकार्ड मिळाले आहे, सातशे डॉलर खर्चण्याची तयारी आहे आणि रेंजवरचा सराव, घराचे संरक्षण व पुढेमागे कमरेला बाळगणे या तिन्हींसाठी तीन इंची नळीचे एकच '१९११' जातीचे पिस्तूल घ्यावे असा आपला विचार आहे. अगदी हाच हिशेब मांडून एका दुकानदाराने असे आखूड पिस्तूल माझ्या गळ्यात मारले होते, म्हणून हे सविस्तर उत्तर.

अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांची, अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेली मूळ रचना पाच इंची नळी, .४५ एसीपी (सुमारे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचे) काडतूस आणि गोल टोकाची गोळी गृहीत धरून केलेली आहे. नळी तीन इंचांवर आणली की स्लाइडचा (गोळी सुटताच मागे जाऊन पुढे येणाऱ्या वरच्या भागाचा) प्रवास आखूड होतो, हलकी झालेली स्लाइड अधिक वेगाने मागेपुढे होते आणि मॅगझिनमधले (मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतले) पुढचे काडतूस वर येण्यास पुरेसा अवधी मिळत नाही; शिवाय तिला आवरणारी ताठ स्प्रिंगही लवकर थकते.

माझ्या पिस्तुलात काडतुसे अडकत, विशेषतः होलो पॉइंट, म्हणजे टोकाशी पोकळ गोळीची. ते कंपनीच्या दुरुस्ती विभागाकडे पाठवले, तर अनेक आठवड्यांनी 'सर्व मापे मर्यादेत आहेत' एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीसह परत आले. चाचणी कोणत्या काडतुसांनी व कोणत्या मॅगझिनने घेतली, एक्स्ट्रॅक्टरचा (झाडलेल्या काडतुसाचे कवच ओढून काढणाऱ्या आकड्याचा) ताण तपासला की नाही, हे फोनवर विचारले तरी कोणी सांगेना. दर वेळी नवा माणूस बोले आणि तक्रारीचा पाढा पहिल्यापासून वाचावा लागे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतरांचा अनुभव चांगलाही असू शकेल. अखेर गावातल्या गनस्मिथने (बंदुका दुरुस्त करणाऱ्याने) एक्स्ट्रॅक्टर किंचित वाकवून ताण जुळवला आणि मॅगझिन बदलायला लावले. त्याने फरक पडला, पण संरक्षणासाठी विसंबावे इतका भरवसा कधी बसला नाही.

म्हणून माझे मत, आणि हे केवळ एका हौशी नेमबाजाचे मत आहे: पाच इंचीच घ्या. आपल्या रकमेत फिलिपिन्सचे रॉक आयलंड किंवा तुर्कस्तानचे टिसास सहज बसते. कोल्ट या अमेरिकी कंपनीच्या घोड्याच्या शिक्क्यासाठी बरेच अधिक मोजावे लागतात आणि रेंजवरच्या कागदाला तो शिक्का दिसत नाही. सराव भरपूर करायचा असेल तर ९ मिमी काडतुसाच्या १९११चा विचार करा, कारण .४५ ची काडतुसे पुष्कळ महाग पडतात आणि वर्षभरात त्यांचाच खर्च पिस्तुलाच्या किमतीला गाठतो. कमरेला बाळगण्याचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. पोलादी पाच इंची १९११ भरलेले असताना सव्वा किलोच्या आसपास भरते, आणि त्या कामासाठी पुढे वेगळे, हलके पिस्तूल घेणे बरे.

हे वाचणाऱ्या एच-१बी (तात्पुरत्या नोकरीच्या) व्हिसाधारकांनी मात्र एवढे ध्यानात घ्यावे की शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता संघीय कायदा त्यांना बंदूकच काय, काडतूस बाळगण्यासही मनाई करतो. तेव्हा आधी वकिलाला विचारावे.

उरलेल्या पैशांतून दोन-तीन चांगली मॅगझिन्स आणि एक जादा रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला आवरणारी ती स्प्रिंग) घ्या. जे होलो पॉइंट घरात भरून ठेवणार, त्याच काडतुसाच्या निदान दोनशे गोळ्या न अडकता झाडून झाल्याखेरीज ते पिस्तूल संरक्षणासाठी ठेवू नका.