सार्वमत, जनमत चाचणी आणि परत न्यायचा ठराव

प्रश्न असा: ‘सार्वमत’ आणि ‘जनमत चाचणी’ एकच का? आणि सोडत काढून निवडलेल्या नागरिकांच्या सभेला यांतले काय म्हणायचे?

एकच नव्हेत. हजार-दोन हजार माणसांना विचारून सगळ्यांचा अंदाज बांधायचा ती चाचणी. सार्वमतात प्रत्येक मतदाराला मताचा हक्क असतो आणि मते मोजली जातात. संकेतस्थळावर ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणे ठेवायची आणि ‘आम्ही सार्वमत घेतले’ म्हणायचे, हे आता फार झाले. ती धड चाचणीही नव्हे: नमुना निवडलेलाच नसतो, ज्याला वाटेल तो येतो, एकच माणूस दहादा येतो. हिंदीतून उचललेला ‘जनमतसंग्रह’ही नको, घरचा शब्द असताना उसनवारी कशाला?

‘सार्व’ म्हणजे सर्वांचे, हे उघड आहे. खरी गंमत सार्वमताच्या इंग्रजी नावात, ‘रेफरेंडम’मध्ये आहे. लॅटिन ‘फेर्रे’ म्हणजे वाहून नेणे. आपल्या ‘भार’मधला ‘भृ’ धातू त्याचाच सख्खा भाऊ. ‘रे’ म्हणजे परत. शेवटचा प्रत्यय आपल्या ‘तव्य’, ‘अनीय’च्या कामाचा: ‘अजेंडा’ म्हणजे करणीय गोष्टी, ‘मेमोरँडम’ म्हणजे स्मरणीय, तसे ‘रेफरेंडम’ म्हणजे परत नेण्याजोगे. कोणी न्यायचे, कुठे? जुन्या स्विस संघाच्या सभेत कँटनांचे, म्हणजे संघातल्या घटक राज्यांचे, प्रतिनिधी घरून मिळालेल्या सूचनांनी बांधलेले असत. सूचनेबाहेरचा विषय निघाला की तो ‘आद रेफरेंडम’ घेत, म्हणजे कँटनला विचारून मग सांगू, या अटीवर.

म्हणून माझा आग्रह: वर झालेला निर्णय लोकांकडे परत येतो तेच सार्वमत. स्वित्झर्लंडमध्ये संसदेचा कायदा प्रसिद्ध झाल्यापासून १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की तो मतदानाला जातो. हे अस्सल सार्वमत. घटनादुरुस्तीचा प्रस्ताव नागरिकच मांडतात तेव्हा १८ महिन्यांत १,००,००० सह्या लागतात. त्याला ‘जनोपक्रम’ म्हणावे. शेवटी दोन्ही मतपेटीतच जातात म्हणून दोन्हींवर एकच शब्द चिकटवणारे कोशकार प्रस्ताव निघाला कुठून हे बघतच नाहीत. पहिला लगाम आहे, दुसरा चाबूक. नियमही वेगळे: कायद्यावरच्या सार्वमतात मतदारांचे साधे बहुमत पुरते, जनोपक्रमाला कँटनांचेही बहुमत लागते. तिथे मतदारांनी होकार देऊनही प्रस्ताव पडू शकतो.

राहिली नागरिकांची सभा. ती यांतली कोणतीच नव्हे, ‘नागरिक सभा’ हे नाव पुरे. आयर्लंडमध्ये नमुना पद्धतीने निवडलेले ९९ नागरिक आणि एक अध्यक्ष अशा सभेने गर्भपातबंदीवर तज्ज्ञांना ऐकले, खल केला, शिफारस केली. सार्वमत त्यानंतर, २५ मे २०१८ रोजी झाले.