मिठावरचा कर : जकात, जिझिया की डोईपट्टी?

एका वाचकांनी विचारले आहे की, जुन्या पाठ्यपुस्तकात ‘मिठावरील जकात’ असे शब्द आढळतात, हल्लीच्या पुस्तकांत ‘मिठावरील कर’ असतो आणि एका व्याख्यानात तर याच कराला ‘इंग्रजांचा जिझिया’ म्हटलेले त्यांनी ऐकले. ते मुलुंडला राहतात आणि जकात म्हटले की त्यांना फक्त जकात नाका आठवतो. तेव्हा यांतला योग्य शब्द कोणता?

‘जकात’ हा शब्द मूळचा अरबी असून इस्लाममध्ये ती धर्मविहित दानाची संज्ञा आहे. ‘निसाब’ नावाच्या ठरावीक मर्यादेहून अधिक धन ज्याच्याजवळ वर्षभर राहते, त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा गरजूंसाठी द्यायचा असतो. फारसी दप्तराच्या वाटेने हा शब्द मराठीत आला तेव्हा त्यातले दान मागे राहिले आणि घाटात, बंदरात किंवा पेठेत व्यापाऱ्याच्या मालावर घेतले जाणारे द्रव्य एवढाच अर्थ उरला. पुढे अर्थशास्त्रावरच्या मराठी लेखनात ‘आयात जकात’, ‘संरक्षक जकात’ असे प्रयोग रुळले, म्हणजे मालावरचा कर या व्यापक अर्थाने तो वापरात होता. त्यामुळे जुन्या पाठ्यपुस्तकाची चूक झालेली नाही. मुंबईकरांच्या मनात मात्र शहराच्या हद्दीवरची महापालिकेची जकात पक्की बसली आहे. ती १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यावर बंद झाली, तरी ट्रकांच्या रांगा पाहिलेल्या पिढीला हद्द आणि नाका यांवाचून जकात डोळ्यांपुढे येत नाही.

या संकुचित अर्थानेही मिठावर एके काळी जकातच होती. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातून गेलेल्या जकातीच्या सीमारेषेवर इंग्रजांनी शेकडो मैल काटेरी कुंपण वाढवले होते आणि पलीकडचे स्वस्त मीठ चोरून अलीकडे येऊ नये म्हणून तेथे सुमारे १२ हजार माणसे पहाऱ्याला ठेवली होती. १८७९ मध्ये ती रेषा मोडण्यात आली. मुंबई इलाख्यात भांडुप, वडाळा, भाईंदर या बाजूच्या मिठागरांत पिकणाऱ्या मिठावर जो कर बसे, तो माल मिठागरातून बाहेर पडतानाच वसूल होई. आजच्या परिभाषेत त्याला उत्पादन शुल्क म्हणावे लागेल. आगरी माणूस आपल्या हातांनी ज्या कोंडीत मीठ पिकवी, तिथले मूठभर मीठही कर भरल्यावाचून घरी नेणे हा त्याचा गुन्हा ठरत असे. ही गोष्ट ‘जकात’ या शब्दाने नीट कळत नाही.

‘जिझिया’ हा शब्द मात्र टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जिझिया हा मुसलमानी राज्यातल्या मुसलमानेतर प्रजेवरचा माणशी कर होता. अकबराने तो १५६४ मध्ये उठवला आणि औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा बसवला. मिठाचा कर धर्म पाहत नव्हता, त्यामुळे ही उपमा मुळातच लागू पडत नाही. दुसरे असे की, जिझियाच्या शास्त्रात ऐपतीप्रमाणे तीन पायऱ्या होत्या आणि स्त्रिया, मुले व निर्धन यांना त्यातून वगळलेले होते. खुद्द इंग्रजांच्या १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यातही वार्षिक ५०० रुपयांच्या आतल्या उत्पन्नाला सूट होती. मिठाला अशी कोणतीही मर्यादा नव्हती.

वक्त्याला जे म्हणायचे असेल त्यासाठी मराठीत ‘डोईपट्टी’ हा चोख शब्द आहे. कायद्याने हा कर मालावर होता, पण मीठ सर्वांना जवळपास सारखेच लागते आणि ते टाळता येत नाही, म्हणून प्रत्यक्षात तो दरडोई पडे. १९३० साली दर मणाला सव्वा रुपया होता. चाळीस शेरांचा मण, म्हणजे शेराला अर्धा आणा. वर्षाला माणशी सहा शेर मीठ धरले तर तीन आणे होतात. गांधीजींनी २ मार्च १९३० रोजी लॉर्ड आयर्विन यांना लिहिलेल्या पत्रात व्हाइसरॉयचे उत्पन्न रोजचे ७०० रुपयांहून अधिक आणि हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दोन आण्यांहून कमी असल्याचे दाखवले होते. त्या हिशेबाने तीन आणे ही सामान्य माणसाची दीड दिवसाची मिळकत होते, आणि व्हाइसरॉयची सुमारे २३ सेकंदांची. मीठ गरिबालाच श्रीमंतापेक्षा जास्त लागते, हेही गांधीजींनी त्याच पत्रात लिहिले आहे. उन्हात राबून घाम गाळणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १९२३ मध्ये हाच दर दुप्पट, म्हणजे अडीच रुपये करण्यास कायदेमंडळाने नकार दिला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी तो आपल्या खास अधिकारात लागू केला. पुढच्या वर्षी तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. ज्यांच्या डोईवर ती पट्टी बसत होती, त्यांचा होकार कोणालाही आवश्यक वाटला नाही, आणि हा कर अन्यायाचा होता असे मी म्हणतो ते रकमेइतकेच यासाठीही.

तेव्हा आपल्या लेखनात सर्वसाधारण उल्लेखासाठी ‘मिठावरील कर’ लिहावे. जुना उतारा देताना त्यातली ‘जकात’ बदलू नये, मात्र ती शहराच्या हद्दीवरची नव्हे, एवढी तळटीप जोडावी. १९३० च्या मे-जूनमध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर धावून गेलेल्या मुंबईकरांविषयी लिहायचे असेल, तर ‘मिठावरची डोईपट्टी’ असे नि:संकोच लिहावे.