एलएलबीला औद्योगिक संबंध आणि कामगार संघटनांचा कायदा कसा अभ्यासावा? जळगावात शिकतोय, जुने कायदे वाचू की नवी संहिता?

दोन्ही, पण आधी जुने. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1926 चा कामगार संघटना कायदा, 1946 चा स्थायी आदेश (म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटी) कायदा, 1947 चा औद्योगिक विवाद कायदा हे तिन्ही तिच्यात गेले. तरी 'कामगार' कोण, 'कपात' (म्हणजे कामगाराला कामावरून कमी करणं) कशाला म्हणायचं, यावर कोर्टांनी जे काही घासूनपुसून ठरवलंय ते जुन्या कलमांवरच.

मी कामगारांच्या केसेस चालवतो. नवे वकील हमखास अडकतात ते 240 दिवसांवर, म्हणजे वर्षभरात तेवढे दिवस काम भरण्यावर. एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यातला पोरगा येतो, 'साहेब, 240 भरले, आता परमनंट ना?' विवाद कायद्याच्या 25-बी मध्ये 240 आहेत खरे, पण ते कपातीपुरते: महिन्याची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. कायम होण्याचा हक्क येतो महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतल्या 4-सी मधून. तिथे 240, आणि हंगामी कारखान्याला 190. आपल्याकडे कापसाच्या जिनिंगवाले येणारच, तेव्हा 190 विसरू नका. मालकांना हे आकडे तोंडपाठ असतात; दिवस भरत आले की ब्रेक! मग 1971 चा एमआरटीयू-पल्प, म्हणजे महाराष्ट्राचा संघटनांना मान्यता आणि अनुचित प्रथांना आळा घालणारा कायदा, उघडायचा. कायम करायला लागू नये म्हणून वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवणं ही त्याच्या चौथ्या अनुसूचीतली सहावी अनुचित प्रथा. तक्रार 90 दिवसांत. हे तिन्ही शेजारी ठेवून वाचा, गाइडमध्ये ते वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात.

संघटनांच्या भागात नोंदणी आणि मान्यता यांची गल्लत करू नका. नोंदणी झाली म्हणजे मालकाने वाटाघाटीला बसलंच पाहिजे असं नाही. 1971 च्या कायद्यात मान्यतेला 30 टक्के सभासद लागतात. संहितेत एकाहून जास्त संघटना असतील तर एकटीने बोलायला 51 टक्के. तेवढे कुणाकडेच नसतील तर संघटनांची मिळून वाटाघाटी परिषद. कापड गिरण्यांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता, एका भागात एका उद्योगाची एकच प्रतिनिधी संघटना. अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांचा इतिहास वाचताना हे लक्षात ठेवा. 1982 च्या मुंबईच्या संपात लाखो कामगार दत्ता सामंतांमागे असूनही कायद्याने बोलणी दुसऱ्याच संघटनेशी का होती, ते यातूनच कळतं.

सवड काढून कामगार न्यायालयात बसा. 240 दिवस काम केल्याचं आधी कामगारालाच दाखवावं लागतं, आणि मस्टर असतं मालकाच्या कपाटात. त्यावरची उलटतपासणी ऐका.