बँडमधल्या ‘स्टेपनी’स

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

परवा तालमीनंतर जिन्यात थांबून तू जे बोललास, ते घरी आल्यावरही मनातून जाईना. गिटार, की-बोर्ड, मँडोलिन आणि बासरी अशी चार वाद्ये तू वाजवतोस. तुझे गुरुजी म्हणतात की एकच धर, नाहीतर धड एकही येणार नाही. आणि बँडमधली मुले तुला हसत हसत ‘स्टेपनी’ म्हणतात. कोणते वाद्य सोडू, असे तू मला विचारलेस. हा प्रश्नच चुकीचा आहे. आधी गाण्यातली रिकामी जागा ऐकावी, मग वाद्याला हात लावावा. ज्याला ही जागा ऐकू येत नाही, त्याचे एक वाद्यही जास्तच असते.

लेड झेपेलिन हा इंग्लिश रॉक बँड तू भक्तिभावाने ऐकतोस, पण गिटारच्या पलीकडे तुझा कान जात नाही, म्हणून त्यात बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, आणि कळफलक सांभाळणाऱ्या जॉन पॉल जोन्सविषयी सांगतो. तो 1946 साली इंग्लंडमधल्या सिडकपला जन्मला. वडील पियानोवादक आणि संगीत-संयोजक होते, आणि चौदाव्या वर्षी हा मुलगा चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तिथला गायकवृंद सांभाळत होता. 1968 मध्ये बँड उभा राहण्याआधी काही वर्षे त्याने लंडनच्या स्टुडिओंत दुसऱ्यांच्या गाण्यांत बास वाजवला आणि व्हायोलिनच्या ताफ्यांसाठी स्वरलेखन करून दिले. दुसऱ्याच्या गाण्यात आपण किती मावतो, हे त्याला तिथे कळले असावे असे मला वाटते.

1970 च्या तिसऱ्या अल्बममध्ये ब्लूज धाटणीचे एक संथ गाणे आहे. त्याला ऑर्गन हवा होता, आणि ऑर्गनवर हात गुंतले की बास वाजवायला कोणी उरत नव्हते. तेव्हा जोन्सने बास पायांनी, पेडलवर वाजवला. पुढच्या वर्षीच्या अल्बममध्ये ‘स्टेअरवे टू हेवन’ या गाण्याच्या आरंभी गिटारमागून जी लाकडी फुंक येते, ते त्याने वाजवलेले रेकॉर्डर, म्हणजे बासरीसारखी लाकडी वाद्ये आहेत, एकावर एक मुद्रित केलेली; रंगमंचावर दोनच हात असल्यामुळे तेच सूर त्याने मेलोट्रॉनवर, म्हणजे इतर वाद्यांचे मुद्रित सूर वाजवणाऱ्या कळफलकावर, काढले. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका गाण्यात ड्रम नाहीत, आणि तिथे त्याच्या हातात मँडोलिन आहे. ‘स्टेअरवे’मध्ये ड्रम चार मिनिटे उलटल्यावर येतात. जॉन बॉनहॅमसारखा दणकट ड्रमवादक चार मिनिटे गप्प बसून राहतो, याचा तू कधी विचार केला आहेस का? रिकामी जागा रिकामी ठेवणे हेही वाजवणेच आहे, हे मी तुला किती वेळा सांगू?

तुझे गुरुजी निम्मे बरोबर आहेत, हेही कबूल करतो. बास आणि कळफलक ही जोन्सची घरची वाद्ये होती, बाकीची त्याने गरजेपुरती जवळ केली. तुझे घर कोणते, ते तुलाच ठाऊक.

नाव होईल का, हे तू विचारले नाहीस, पण तुझ्या चेहऱ्यावर ते होते. 1994 मध्ये बँडचे गायक आणि गिटारवादक पुन्हा एकत्र आले, तेव्हा जोन्सला बोलावले नाही. आणि त्या नव्या अल्बमला नाव दिले ते अशा गाण्याचे, ज्याचा कळफलक म्हणजे जोन्सची ओळख होती. पुढच्या वर्षी एका सन्मानसमारंभात त्याने, आपला फोन नंबर अखेर आठवल्याबद्दल मित्रांचे आभार मानले. त्या टोमण्यावर मी हसू शकत नाही.

कारण मलाही फोन आला नव्हता. ऑर्केस्ट्रात मी अॅकॉर्डियन, मँडोलिन आणि हार्मोनियम वाजवत असे, आणि तीन वाद्ये येतात म्हणून ती तिन्ही प्रत्येक गाण्यात दिसलीच पाहिजेत, असा माझा हट्ट होता. एका गणेशोत्सवात भावगीत रंगात आले असताना गायिकेने जिथे जिथे श्वास घेतला, तिथे तिथे मी भरणा केला. दुसऱ्या कडव्यानंतर तिने मागे वळून, ‘आज गायचं कोणी?’ एवढेच विचारले. पुढच्या वर्षी माझ्या जागी दुसरा मुलगा होता, आणि मी कित्येक वर्षे हे राजकारण म्हणून लोकांना सांगत फिरलो. आजही म्हणतो की सूर एकही चुकला नव्हता, आणि ध्वनिक्षेपकवाल्याने माझा माईक उगाच चढवून ठेवला होता. पण तिचा श्वास मी ऐकला नव्हता, हे खरे आहे. तो ऐकायला कोणतेही वाद्य सोडावे लागले नसते.

तेव्हा कोणते सोडू, हे मला पुन्हा विचारू नकोस, राग येतो. तुमच्या नव्या गाण्याचे ध्वनिमुद्रण पाठव. त्यात तू कुठे कुठे वाजवले आहेस, ते मात्र आधी सांगू नकोस.

तुझा,
काका