उबुंटू इन्स्टॉल करताना लॅपटॉपची एसएसडी दिसतच नाही, फक्त पेनड्राइव्ह दिसतो. काय करू?

बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) स्टोरेज मोड 'आरएसटी' किंवा 'रेड' (RAID) असेल तर तो 'एएचसीआय' (AHCI, डिस्कशी थेट बोलणारा साधा मोड) करा, एसएसडी दिसेल. इंटेलच्या आरएसटी या डिस्क सांभाळणाऱ्या व्यवस्थेमागे गेलेली डिस्क उबुंटूच्या इन्स्टॉलरला वाचता येत नाही. उबुंटूच्या मदतपानावरही हेच कारण दिलंय. पण थेट मोड बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून अडकेल, म्हणून क्रम पाळा:

- विंडोजच्या 'सिस्टिम कॉन्फिगरेशन'मध्ये 'सेफ बूट'वर टिक करून रीस्टार्ट.
- विंडोज चालू होण्याआधीच बायोसमध्ये जाऊन मोड बदला.
- विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की टिक काढून पुन्हा रीस्टार्ट.

बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या. ती नसेल तर कृपया बायोसला हातच लावू नका, सगळा डेटा कुलूपबंद होऊन बसेल.