बॉटनी सोडायची नाही, इतिहास जोडायचा

प्रश्न : मुलगी बीएस्सी वनस्पतिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुलामगिरीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं निसर्गज्ञान, यावरच पुढे संशोधन करायचं म्हणते. वाचायला ठीक आहे, पण यावर पोट भरेल का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, काळजी रास्त आहे. पण या विषयाला तिची बॉटनीच लागणार आहे.

शंकासूराचं झाड तुम्ही पाहिलं असेल. निसर्गचित्रकार मारिया सिबिला मेरियन १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनाम या तेव्हाच्या डच वसाहतीत गेली. आपली मुलं गुलामीत जन्मू नयेत म्हणून तिथल्या गुलाम स्त्रिया याच झाडाच्या बियांनी गर्भ पाडत. त्यांच्याकडूनच ऐकून तिने हे १७०५ च्या ग्रंथात नोंदवलं. झाडाची ओळख हेच त्या बायकांच्या हातात उरलेलं एक बळ होतं. हे वाचून मुलगी अस्वस्थ झाली असेल, तर ती योग्य वाटेवर आहे.

त्याच सुरीनाममध्ये मळ्यांवरून जंगलात पळालेल्या गुलामांचे वंशज, म्हणजे ‘मरून’ लोक, सांगतात की आमच्या आज्या-पणज्यांनी केसांत भाताचे दाणे लपवून आणले. काही वाणांना त्या पूर्वज स्त्रियांची नावं आहेत. दंतकथा म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण २०१६ मध्ये मरूनांच्या आफ्रिकी भाताची जनुकं तपासली, तेव्हा सर्वांत जवळचं नातं पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट देशाच्या पश्चिम भागातल्या वाणाशी निघालं, म्हणजे जिथून गुलाम आणले जात त्याच पश्चिम आफ्रिकेशी. नुसत्या कागदपत्रांवर हे कळलं नसतं, आणि नुसत्या प्रयोगशाळेत हा प्रश्नच कुणाला पडला नसता.

म्हणून बीएस्सी नीट पूर्ण होऊ द्या. वर्गीकरण आणि हर्बेरियमचं, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांच्या संग्रहाचं, काम पक्कं हवं. पुढे एमएस्सी, किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एमए. सुरीनामची जुनी दफ्तरं डच भाषेत आहेत, तेव्हा डच आत्तापासून शिकू दे. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेकदा पगारी नोकरी असते. कायमच्या जागा मात्र थोड्या आहेत, हे तिला स्पष्ट सांगा. सोबत प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेची तयारी हवी. वनस्पतिउद्यानं, संग्रहालयं, बीजसंवर्धनाच्या संस्था इथेही अशा माणसांना काम मिळू शकतं.

या सुट्टीत तिला अकोले तालुक्यात पाठवा. राहीबाई पोपेरे यांनी तिथे देशी वाणांची बीजबँक उभी केली आहे. बायकांकडून बियांची माहिती कशी विचारायची, कशी लिहून घ्यायची, हे तिथे प्रत्यक्ष शिकता येईल. जाण्यापूर्वी फोन करून परवानगी मात्र घ्या.